हातात धरायचंय की टेबलावर मांडायचंय?

यावेळी आलेल्या पत्रांमध्ये टॅबलेट की हायब्रिड हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकललेत. वायफाय आणि प्रिंटरवाल्यांनी रागावू नये. पत्रं थोडी कापून छोटी केलीत, नावं नेहमीप्रमाणे काढलीत.

प्रश्न : मी घरून भाषांतराचं काम करते. दिवसाचे सहा-सात तास टायपिंग, शिवाय मूळ पुस्तकं पीडीएफमध्ये वाचणं, त्यावर खुणा करणं, आणि रात्री पडल्या पडल्या काहीतरी आपल्यासाठी वाचणं. लॅपटॉप आठ वर्षांचा झालाय, बटण दाबल्यावर चालू व्हायचं की नाही ते तोच ठरवतो. मला ११ इंची हलका टॅबलेट घ्यायचाय, वर कीबोर्ड लावेन. मुलगा म्हणतो आई दोन दगडांवर पाय नको ठेवूस, सरळ हायब्रिड घे, टॅबलेटचा टॅबलेट आणि लॅपटॉपचा लॅपटॉप. माझ्या बहिणीकडे हायब्रिड आहे, ती म्हणते वर्षभरात मी त्याचा कीबोर्ड एकदाही काढलेला नाही. कोणाचं ऐकू?

उत्तर : बहिणीचं. तिने सल्ला असा दिलेला नाहीच, पण तुमच्या अख्ख्या पत्रात सगळ्यात कामाचं वाक्य तिचं आहे. आणि दोन दगडांवर पाय म्हणाल तर तो हायब्रिडचाच असतो हो, मुलाला सांगा.

आधी हायब्रिड म्हणजे काय ते जरा साफ करू, कारण दुकानात दोन वेगळ्या गोष्टींना हेच नाव देतात. एक प्रकार म्हणजे ज्याचा कीबोर्ड सुटा होतो, पडद्यातच सगळा कॉम्प्युटर असतो आणि मागे एक टेकू असतो, मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रो सारखा. दुसरा म्हणजे ज्याचा पडदा पूर्ण ३६० अंशात मागे फिरतो, लेनोव्होने २०१२ ला योगा आणला तेव्हापासून हा प्रकार सगळ्यांना माहीत झाला. हा दुसरा मुळात लॅपटॉपच असतो, टच आणि पेन असलेला. पडदा मागे दुमडून हातात धरला की बोटं खाली कीबोर्डच्या बटणांवर येतात, बटणं बंद झालेली असतात पण बोटांना ते कुठे माहीत. आणि वजन सव्वा-दीड किलो तसंच राहतं. पडून वाचणाऱ्या माणसाने तो घेऊच नये, तो विषय इथेच संपला.

आता वजन. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळी गंमत इथेच आहे. २०१० ला पहिला आयपॅड आला तेव्हा स्टीव्ह जॉब्सनी तो स्टेजवर आरामखुर्चीत बसून वापरून दाखवला होता. टॅबलेट ही बसून, रेलून, हातात धरून वापरायची वस्तू आहे हे त्या एका खुर्चीने सांगून टाकलं. आणि तरीही तो ६८० ग्रॅमचा होता आणि लोक लगेच तक्रार करायला लागले की मनगट दुखतं. २०१३ ला आयपॅड एअर ४६९ ग्रॅमवर आला आणि मग कुठे ती तक्रार कमी झाली, आजचे ११ इंची टॅबलेट साधारण तिथेच आहेत, साडेचारशे ते पाचशे ग्रॅम. त्याच २०१३ मध्ये पहिला सरफेस प्रो आला, तो ९०० ग्रॅमच्या वर. पुढच्या वर्षी तिसरा सरफेस प्रो आला तेव्हा मायक्रोसॉफ्टने स्टेजवर चक्क तराजू आणला आणि मॅकबुक एअरशी तुलना करून दाखवली, आमचा ८०० ग्रॅमचा आहे बघा म्हणून. पण ते ८०० ग्रॅम कीबोर्डशिवायचे! कीबोर्ड वेगळा घ्यायचा आणि त्याचं वजनही वेगळं. दहा वर्षं उलटली तरी हे फारसं बदललेलं नाही, २०२४ चा स्नॅपड्रॅगन चिपवाला सरफेस प्रो कीबोर्डशिवाय ८९५ ग्रॅम आहे आणि कीबोर्ड लावला की एक किलो दोनशेच्या आसपास जातो.

मग तुम्ही म्हणाल, बघा, टॅबलेटच हलका. थांबा. ११ इंची टॅबलेटला तो ट्रॅकपॅडवाला, बिजागरीचा जाड कीबोर्ड लावला तर कीबोर्डचं वजन टॅबलेटपेक्षा जास्त भरतं, सगळं मिळून किलोभर. १३ इंची आयपॅड प्रो एकटा ५७९ ग्रॅम, कीबोर्डसकट तोही सव्वा किलोच्या घरात. आणि १३ इंची मॅकबुक एअर, जो बिचारा साधा लॅपटॉप आहे आणि काहीच सुटं होत नाही, तो १.२४ किलो. म्हणजे कुठल्याही रस्त्याने जा, टायपिंगची सोय केली की सगळे त्याच किलो-सव्वा किलोच्या मुक्कामाला येतात. जाहिरातीत जो आकडा असतो तो उघड्या पडद्याचा असतो. त्यामुळे "कुठला हलका" हा प्रश्न पिशवीसाठी विचारून काही उपयोग नाही, तो फक्त एकाच वेळेसाठी खरा आहे, जेव्हा तुम्ही कीबोर्ड काढून हातात धरता. तेव्हा साडेचारशे आणि नऊशे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रात्री पाठीवर पडून वाचताना नऊशे ग्रॅमची काच तोंडावर पडते तेव्हा तो फरक फार लवकर कळतो, माझ्या नाकाला विचारा.

दुसरी गोष्ट मांडी. टेकूवाला हायब्रिड टेबलावर झकास उभा राहतो पण मांडीवर त्याला समोरून मागेपर्यंत फूटभर सपाट जागा लागते, कीबोर्ड आणि त्याच्यामागे टेकूची कड. मांड्या एवढ्या लांब सगळ्यांच्या नसतात. कड गुडघ्यावरून घसरली की सगळं मागे कोलमडतं. तुम्ही टायपिंग टेबलावरच करत असाल तर हे सोडून द्या, पण सोफ्यावर बसून सहा तास टायपिंग करत असाल तर सुटा कीबोर्डवाला कुठलाच प्रकार तुमच्यासाठी नाही. त्याला लॅपटॉपच लागतो.

आता खरा निकाल लावणारी गोष्ट, कुठलं सॉफ्टवेअर. भाषांतरवाल्यांपैकी बरेच जण ट्रेडॉस स्टुडिओ किंवा मेमोक्यू वापरतात, आणि ही दोन्ही कॉम्प्युटरवर बसवायची सॉफ्टवेअरं विंडोजवरच चालतात. तुम्हाला काम देणारा कोणीही त्या फायली पाठवत असेल तर एकटा टॅबलेट घेऊन भागणारच नाही, कितीही ताकदीचा घेतला तरी. तसंच जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमधल्या फायली. तो फाँट नसला की पानभर चिन्हांचा कचरा दिसतो. विंडोजवर फाँट टाकला की दोन मिनिटांत वाचता येतं, टॅबलेटवर तोच उद्योग करायला गेलात तर अर्धा दिवस जातो आणि शेवटी तुम्ही कोणाला तरी फोन करून पीडीएफ करून मागता. वर्डचं म्हणाल तर ते टॅबलेटवर चांगलं चालतं, सुधारणा दाखवणारं ट्रॅक चेंजेसही चालतं, पण मॅक्रो, म्हणजे एका बटणात बरीच कामं उरकणाऱ्या आज्ञा, चालत नाहीत, आणि पडदा १०.१ इंचांपेक्षा मोठा असेल तर एडिट करायला सबस्क्रिप्शन लागतं. हे बऱ्याच जणांना टॅबलेट घरी आल्यावर कळतं.

तर तुमचं पोट ज्यावर चालतं ते आधी. तुमचं पोट टायपिंगवर चालतं, सहा-सात तास. ट्रेडॉस, मेमोक्यू किंवा जुने फाँट यांतलं काहीही असेल तर माझं मत असं की नवीन साधा पातळ लॅपटॉप घ्या आणि वाचायला छोटा, साधा, कमी ताकदीचा टॅबलेट घ्या, ज्याचं काम फक्त पानं उलटणं आणि खुणा करणं एवढंच असेल. हायब्रिडमध्ये दोन्ही गोष्टी येतात हे खरं पण तुमच्या बाबतीत लॅपटॉपचा भाग ठीक आणि टॅबलेटचा भाग वजनात मार खातो. आणि काम वर्ड आणि ब्राउझरपुरतंच असेल, तर टॅबलेटवर भागेल, पण ११ इंची नको. शेजारी-शेजारी मूळ आणि भाषांतर उघडलं की ११ इंचात दोन्ही खिडक्या फोनएवढ्या होतात. १३ इंची घ्या, आणि त्याला चिकटणारा कीबोर्ड न घेता साधा वेगळा ब्लूटूथ कीबोर्ड आणि उंच करणारा स्टँड घ्या. पडदा डोळ्यांसमोर येतो, मान खाली जात नाही, आणि रात्री पडदा नुसता उचलून नेला की झालं, काही काढायची भानगडच नाही.

मुलाला वाईट वाटलं तर पुढचं उत्तर दाखवा, तिथे त्याच्या मताची बाजू घेतलीय.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात हाताने नोट्स लिहायच्या आहेत, कारण आकृत्या आणि समीकरणं टाइप करता येत नाहीत. पण त्याच मशीनवर कॅड आणि कोडिंगही करायचंय. मित्रांपैकी निम्मे म्हणतात आयपॅड, निम्मे म्हणतात टू-इन-वन, म्हणजे हायब्रिड. वर एक जण म्हणतो की नवीन आयपॅडमध्ये लॅपटॉपचीच चिप असते मग हायब्रिड कशाला?

उत्तर : तुझ्यासाठी हायब्रिड. इतकं स्पष्ट उत्तर मी फार कमी वेळा देते.

तुझा तो चिपवाला मित्र अर्धं बरोबर बोलतोय. २०२४ च्या आयपॅड प्रोमध्ये एम४ चिप आली, ती मॅकमध्ये यायच्या आधी आयपॅडमध्ये आली, आणि ती जबरदस्त वेगवान आहे यात वाद नाही. पण अडचण इंजिनाची नाहीच, रस्त्याची आहे. ॲपल स्वतः आपल्या ॲप बनवणाऱ्यांना जे एक्सकोड देतं ते सुद्धा आयपॅडवर चालत नाही, तिथे फक्त स्विफ्ट प्लेग्राउंड्स हे कोडिंग शिकायचं छोटं ॲप आहे. ऑटोकॅड टॅबलेटवर आहे म्हणतात पण ते नकाशा उघडून बघायला आणि थोडंफार दुरुस्त करायला, पूर्ण ऑटोकॅड नाही. बाकी चित्रकला, फोटो, व्हिडिओ या बाबतीत टॅबलेट आता खूप पुढे गेलाय हे मान्य, फोटोशॉप २०१९ ला आलं, दाविंची रिझॉल्व्ह २०२२ ला आणि फायनल कट २०२३ ला. तू फिल्म एडिटिंग शिकत असतास तर उत्तर कदाचित वेगळं असतं.

पण हायब्रिड घेताना एक खड्डा आहे तो बघून चाल. आता विंडोजचे हायब्रिड दोन जातीच्या प्रोसेसरवर मिळतात, इंटेल-एएमडीवाले आणि आर्मवाले, म्हणजे ते स्नॅपड्रॅगन. आर्मवाले बॅटरीला छान, गरम कमी होतात, आणि जुनी सॉफ्टवेअरं भाषांतर करून चालवतात, आणि बरीचशी चालतातही. ड्रायव्हरचं, म्हणजे जोडलेलं उपकरण चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचं, मात्र भाषांतर होत नाही. म्हणजे कॉलेजच्या लॅबमधला एखादा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, जुना मोजणीचा उपकरण-बॉक्स, सॉफ्टवेअरच्या लायसन्सचा यूएसबी डोंगल, याचा ड्रायव्हर आर्मसाठी बनवलेला नसेल तर तो बोर्ड तुझ्यासाठी नुसता खेळणं. त्यामुळे सीनियरकडून चार वर्षांत लागणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी घे, एक एक शोधून बघ, आणि जरा जरी शंका आली तर इंटेल किंवा एएमडी घे. हा धडा मायक्रोसॉफ्टनेच एकदा घेतलाय, २०१२ ला त्यांनी सरफेस आरटी काढला, दिसायला विंडोज पण जुनं एकही सॉफ्टवेअर चालेना, लोकांनी घेतलाच नाही आणि २०१३ मध्ये कंपनीला ९० कोटी डॉलरचा तोटा वहीत लिहावा लागला. आत्ताची गोष्ट तेवढी वाईट अजिबात नाही पण नाव विंडोज म्हणून सगळं चालेल असं समजू नको.

मेमरी १६ जीबीच्या खाली घेऊ नकोस. बहुतेक हायब्रिडमध्ये मेमरी बोर्डावरच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. स्टोरेज काही मॉडेलमध्ये बदलता येतं, मेमरी नाही. म्हणजे पैसे कुठे घालायचे हा प्रश्न आला तर आधी मेमरी, मग स्टोरेज, आणि मग तो चकचकीत वरचा प्रोसेसर. पातळ मशीनमध्ये वरचा प्रोसेसर तसाही दहा मिनिटं जोरात पळतो आणि मग गरम होऊन दमतो, कारण उष्णता जायला जागाच नसते. पंखा असेल तर जास्त वेळ पळतो पण मग शांत वर्गात त्याचा आवाज येतो. काय पाहिजे ते तू ठरव.

पेनबद्दल तू विचारलं नाहीयेस पण विचारायला हवं होतं. पेन बरोबर येतो का वेगळा घ्यायचा, तो चार्ज करावा लागतो का, आणि तळहात काचेवर टेकवला तर रेघोट्या उमटतात का, या तीन गोष्टी बघ. सॅमसंगच्या टॅब एस मालिकेतल्या पेनला लिहिण्यासाठी बॅटरीच लागत नाही, पडद्यातूनच त्याला शक्ती मिळते. लेक्चरच्या मध्यात ज्याचा पेन मेलाय त्यालाच याची किंमत कळते. दुकानात पेन घेऊन आपलं नाव लिहू नकोस, सगळे नावच लिहितात आणि ते सगळ्यांवर छान येतं. बारीक अक्षरात एक इंटिग्रल लिही, खाली-वर मर्यादा लिहून. त्यात कळतं.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे आहेत. व्हिडिओ कॉल, बातम्या, जुनी गाणी. मी म्हणतो एकदाच चांगला ताकदीचा हायब्रिड घेऊन देऊ म्हणजे पुढे अडचण नको. बरोबर ना?

उत्तर : नाही. टॅबलेट, साधा, आणि अक्षर मोठं करून, नको ती सगळी चिन्हं पहिल्या पानावरून काढून द्या. उभा राहणारं कव्हर घ्या, म्हणजे कॉल करताना तुम्हाला त्यांचं छत आणि नाकपुड्या दिसणार नाहीत. अडचण येईल ती ताकद कमी पडून येणार नाही, अपडेटच्या वेळी मध्येच एखादी खिडकी उघडून काहीतरी विचारते तेव्हा येईल, आणि विंडोज असं काहीतरी विचारण्यात पटाईत आहे.

प्रश्न : माझा हायब्रिड पिशवीत बंद करून ठेवतो आणि दुपारी काढला की तापलेला असतो आणि बॅटरी निम्मी. बायकोचा टॅबलेट आठवडाभर कपाटात पडला तरी चालू होतो. माझाच पीस खराब आहे का?

उत्तर : पीस खराब नाहीये, झोप खराब आहे. मला पण हेच झालं होतं, एकदा प्रवासात पिशवीत हात घातला तर पुस्तकांच्या मध्ये काहीतरी शिजतंय असं वाटलं, आणि समोर दोन तासांत मीटिंग, बॅटरी ११ टक्के. त्या कंपनीच्या मदत केंद्राने मला तीन वेळा रीस्टार्ट करायला लावलं आणि चौथ्या वेळी मी फोन ठेवला.

होतं असं की नव्या विंडोज मशीनमध्ये झाकण लावलं की ते पूर्वीसारखं गाढ झोपत नाही, फोनसारखं अर्धवट जागं राहतं, म्हणजे मेल येत राहावी, अपडेट उतरत राहावी. टॅबलेटची सिस्टिम पहिल्यापासून याच पद्धतीसाठी बनवलीय, कुठल्या ॲपने पाठीमागे किती वेळ जागं राहायचं यावर तिचा कडक पहारा असतो. विंडोजमध्ये जुन्या सवयीची सॉफ्टवेअरं असतात, एखादं जागं राहिलं की ते सगळ्यांना जागं ठेवतं, आणि पिशवीत हवा नाही म्हणून तापतं.

उपाय सोपा आहे. पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन झाकण लावल्यावर आणि बटण दाबल्यावर स्लीपच्या ऐवजी हायबरनेट करा. त्यात मेमरीतलं सगळं डिस्कवर लिहून मशीन खरोखर बंद होतं. हायबरनेट यादीत दिसत नसेल तर ते तुमच्या मशीनवर बंद केलेलं असतं, आधी चालू करून घ्यावं लागतं. उघडायला दहा-पंधरा सेकंद जास्त जातात, एवढंच. आणि सुटा कीबोर्ड असेल तर पिशवीत तो नीट बंद बसलाय ना बघा, थोडा सरकला की पडदा जागा होतो.

टॅबलेटसारखं उचललं की लगेच चालू, हे सुख मात्र हायब्रिडमध्ये पूर्ण मिळत नाही, हे घेण्याआधी ज्यांना माहीत नसतं त्यांचाच नंतर जास्त भ्रमनिरास होतो. ताकद, पडद्याचा दर्जा वगैरे सगळे बघतात. उचलल्यापासून पहिला शब्द लिहीपर्यंत किती वेळ जातो ते कोणी बघत नाही, आणि दिवसातून वीसदा उचलायची वस्तू असेल तर सगळ्यात जास्त तेच बोचतं.

प्रश्न : सरफेस प्रोचं २०१७ चं मॉडेल सेकंडहँड चांगल्या स्थितीत मिळतंय. नवीन टॅबलेटच्या निम्म्यात. घेऊ का?

उत्तर : नको. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, तुमच्या मॉडेलमध्ये सातव्या पिढीचा आहे. आडमार्गाने विंडोज ११ बसवणारे आहेत पण मग अपडेटची हमी नाही. दुसरं म्हणजे बॅटरी. ती आठ-नऊ वर्षांची असणार आणि त्या काळातले हायब्रिड उघडणं म्हणजे काच गरम करून गोंद सोडवायचा, अर्ध्या वेळा काच फुटते. यंत्रं उघडून दुरुस्तीचे मार्क देणाऱ्या आयफिक्सिट या वेबसाइटने पहिल्या सरफेस प्रोला दुरुस्तीसाठी दहापैकी एक मार्क दिला होता. अलीकडची मॉडेलं खूप सुधारलीत, पण २०१७ चं त्यात येत नाही. वरून बघायला सुंदर आहे म्हणता, सुंदर असणारच, फोटोत बॅटरी कुठे दिसते. पाठीवर हात फिरवून बघा, पडद्याची कड कुठे उचललेली वाटली तर आतली बॅटरी फुगायला लागलीय, मग तर फुकट सुद्धा घेऊ नका.

सेकंडहँड घ्यायचंच असेल तर उलटं करा, दोन-तीन वर्षं जुना चांगला टॅबलेट घ्या. टॅबलेटमध्ये जुनेपणा उशिरा जाणवतो.

प्रश्न : दोन महिने झाले, मी रोज रात्री व्हिडिओ बघतोय, तुलना वाचतोय, तक्ता केलाय, एकोणीस रकाने आहेत. एकदा टॅबलेट पुढे जातो, एकदा हायब्रिड. काम म्हणाल तर ऑफिसचं काम ऑफिसच्या लॅपटॉपवर, घरी थोडं वाचन, थोडं हिशेब, कधीतरी चित्रं काढावीत असं मनात आहे, कधीतरी थोडं व्हिडिओ एडिटिंग शिकावं असंही आहे. काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रात "कधीतरी" दोनदा आलंय. हायब्रिडचे सगळे गुण त्या दोन कधीतरींमध्ये बसलेत आणि टॅबलेटचे सगळे गुण तुमच्या रोजच्या रात्रीत. तो तक्ता बंद करा. एक कागद घ्या आणि पंधरा दिवस रोज झोपताना दोन ओळी लिहा, आज घरी पडद्यावर काय केलं, आणि ते करताना कुठे बसलो होतो. ताकदीचा रकाना नको, किंमतीचा पण नको. पंधरा दिवसांनी वाचा. मला वाटतं "सोफा", "पलंग", "खिडकीपाशी" असंच जास्त निघेल आणि मग साडेचारशे ग्रॅमचा टॅबलेट घ्या, पेनसकट, चित्रांचं कधीतरी त्यात आपोआप सुरू होईल, आणि व्हिडिओ एडिटिंग शिकायला लागेल तेवढं तर हल्लीच्या टॅबलेटवर होतंच. "टेबल" जास्त निघालं तर मला परत लिहा, मग हायब्रिडचं बोलू.

आणि दुकानात गेलात की एक करा, जे आवडलंय ते डाव्या हातात धरून उभ्या उभ्या सलग दहा मिनिटं काहीतरी वाचा, विक्रेता काहीही बोलत असला तरी. सहाव्या मिनिटाला तुमचा हात आपोआप कोपर पोटाला टेकवायला लागला तर ते वजन तुमच्यासाठी जास्त आहे. एकोणीस रकान्यांत हा रकाना नव्हता ना?